वजन, उंची, दात, डोळे

आमच्या भागातल्या शाळांत वर्षातून एकदा आरोग्य पथकाची गाडी येते. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता असं पथक असतं. पोरं हजेरीच्या क्रमानं रांगेत उभी राहतात. वजनकाटा, भिंतीवरची उंचीची पट्टी, मग 'आ कर', 'जीभ काढ', 'एक डोळा झाक आणि खालची ओळ वाच'. या तपासणीतून कुणाला चष्मा मिळतो, कुणाचा वर्षानुवर्षं वाहणारा कान बरा होतो, एखाद्याच्या हृदयातलं छिद्र सापडून सरकारी खर्चानं शस्त्रक्रिया होते. शिवाय दर आठवड्याला निळी लोहगोळी, वर्षातून दोनदा जंताची गोळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि या सगळ्याची मला मनापासून किंमत आहे. गरिबाच्या पोराचं शरीर शाळेनं आपलं मानलं, ही लहान गोष्ट नव्हे.

मोठ्या मुलांना विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न मनाचाही आहे. सारखं थकल्यासारखं, उदास वाटतं का? प्रश्न चांगला आहे. पण पुढं मैत्रीण, मागं मैत्रीण, शेजारी काट्यावर कुणीतरी चढलेलं आणि रांग पुढं सरकवायची घाई. तिथं मान हलवून 'नाही' म्हणण्यापलीकडं कुठलं पोर काय सांगणार? दाताची कीड तोंड उघडलं की दिसते. मनातलं कळायला वेळ लागतो, ओळख लागते. आणि त्याच्याही आधी, आपल्याला जे होतंय ते आजारासारखंच काहीतरी आहे, ते सांगायचं असतं, त्यावर इलाज असतो, एवढं तरी त्या पोराला कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

हे शिकवणं राज्याच्या कायद्यानं प्रत्येक शाळेला बंधनकारक व्हावं, असं मला वाटतं. परिपत्रकानं भागणार नाही. हे मत माझं एका मुलीमुळं पक्कं झालं.

आठवीतली मुलगी. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. वडील मुंबईत माथाडी कामगार, मशीद बंदराकडं एका खोलीत सात-आठ गाववाल्यांसोबत राहणारे. जावळी-पाटणकडच्या किती घरांची ही कहाणी आहे, ते साताऱ्यात राहणाऱ्याला सांगायला नको. घरी आई, आजी आणि धाकटा भाऊ. मुलीचं पोट दुखायचं. दर सोमवारी, दर चाचणीच्या आदल्या दिवशी, आणि नंतर नंतर रोजच दुसऱ्या तासाला. 'बाई, पोट लई दुखतंय,' म्हणून ती स्टाफरूमच्या दाराशी यायची तेव्हा चेहरा खरोखर पांढराफटक पडलेला असायचा. आईनं प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, मग साताऱ्याला नेऊन सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. मग आजी म्हणाली, 'बाहेरचं हाय काय तरी.' अमावास्येला देवरुषाकडं नेलं, अंगारा लावला, दाराला लिंबू-मिरच्या आल्या. वर्गात पोरींनी तिचं नाव ठेवलं 'सोनोग्राफी'.

आमच्याकडं प्रयोगशाळेला परिचर नाही. प्रात्यक्षिकं झाली की दोन-दोन मुलं थांबून परीक्षानळ्या धुतात. त्या दिवशी तिची पाळी होती आणि जोडीची मुलगी गैरहजर होती. ती नळीत ब्रश फिरवत होती, मी स्टँड पुसत होते. ब्रश फिरवता फिरवता, मान वर न करता ती बोलायला लागली. सातवीपर्यंत सगळं मराठीत होतं. आठवीत तिला सेमी इंग्रजीच्या तुकडीत घातलं, कारण वडिलांची इच्छा. फळ्यावरचं गणित तिला वाचताच येत नव्हतं. सोडवणं पुढचं, 'इक्वेशन' म्हणजे काय इथंच गाडी अडलेली. दुसरा तास गणिताचा. आणि दर रविवारी रात्री वडिलांचा फोन यायचा: 'तुझ्यासाठी हमाली करतोय, बाळा, नीट शिक.' माणूस प्रेमानंच म्हणायचा. ती रात्रभर जागी राहायची. एकच नळी तिनं किती वेळ धुतली! काचेवर ब्रश घासल्याचा तो बारीक आवाज थांबला की बोलणंही थांबायचं, म्हणून मी नळी पुरे म्हटलं नाही.

पुढं आम्ही तिला मराठी तुकडीत घेतलं. वडील गावी आले तेव्हा त्यांच्याशी बोललो. ते काही न बोलता ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, 'मला काय माहीत, बाई, मला वाटलं पोट.' दुखणं एकदम गेलं नाही, पण कमी होत गेलं. आता ती बरी आहे.

मला डाचतं ते वेगळंच. जोडीची मुलगी त्या दिवशी आली असती तर? प्रयोगशाळेला परिचर असता तर? पोराचं दुखणं कळणं हे नळ्या धुवायची पाळी कुणाची होती यावर अवलंबून राहावं, हे मला कुठल्याही अंगानं पटत नाही. दात तपासायला आपण योगायोगाची वाट बघत नाही ना!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. राज्यवार आकड्यांत महाराष्ट्र पहिला. आपल्याला पहिल्या नंबरची फार हौस, पण हा नंबर आपण जिल्ह्याच्या एकाही शिक्षण परिषदेत मोठ्यानं वाचून दाखवत नाही. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयोगटातल्या साधारण ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळला. साठ जणांचा वर्ग धरा, म्हणजे चार पोरं. प्रत्येक वर्गात. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की हजेरी घेताना नजर वेगळी होते.

आणि शाळेत यातलं काय शिकवतो आपण? दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग दोनमध्ये नववं प्रकरण 'सामाजिक आरोग्य' आहे. ताणतणाव, व्यसनं, मोबाईलचा अतिरेक, सगळं त्यात आहे, आणि ज्यांनी ते पुस्तकात घातलं त्यांचे मी आभारच मानते. पण पुस्तकात प्रकरणं दहा. नववं येईस्तोवर जानेवारी उजाडलेला असतो, सराव परीक्षा तोंडावर असतात आणि मुलं विचारतात, 'बाई, यावर किती मार्काचं येतं?' जो धडा ताणाबद्दल आहे तो ताणाच्या ऐन हंगामात घाईघाईनं उरकला जातो. शिवाय तो दहावीत. माझी नळ्या धुणारी मुलगी आठवीत होती.

अमेरिकेत हे काम राज्यांनी कायद्यानं केलंय. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्यात आरोग्य शिक्षणाचं कलम पूर्वीपासून होतं. दारू, तंबाखू, अमली पदार्थ यांचे धोके शिकवणं त्यात आलेलं होतं. २०१६ मध्ये तिथल्या विधिमंडळानं दुरुस्ती केली आणि १ जुलै २०१८ पासून आरोग्य शिकवायचं म्हणजे मनाचंही शिकवायचं, शरीराचं आणि मनाचं नातं समजावून सांगायचं, हे राज्यातल्या शाळांवर बंधनकारक झालं. दुरुस्ती मोजक्या ओळींची. २०१८ मध्येच व्हर्जिनिया राज्यानं नववी-दहावीसाठी तसा कायदा केला. तो आणणारे सिनेटर क्री डीड्स यांनी २०१३ मध्ये आपला तरुण मुलगा गमावला होता. आदल्याच दिवशी त्या मुलाला मनोरुग्णालयात खाट मिळाली नव्हती म्हणून घरी पाठवलं होतं. आणि कायद्याची कल्पना घेऊन त्यांच्याकडं गेले होते शाळेतले विद्यार्थी. फ्लोरिडाच्या शिक्षण मंडळानं २०१९ मध्ये नियम करून सहावी ते बारावीला वर्षाला किमान पाच तास ठरवून दिले. मला हा तासांचा आकडा फार मोलाचा वाटतो. शाळेत ज्याला तास नाही, ते नाही.

कायद्यानं काय होतं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. साताऱ्याच्या माणसानं तरी हा प्रश्न विचारू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच गावचे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं हा आज गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. लोकांची श्रद्धा एका रात्रीत बदलली का? नाही. माझ्या त्या आठवीतल्या मुलीच्या दाराला लिंबू-मिरच्या लागल्याच की. पण ज्या सुनेला पूर्वी साखळीनं बांधलं असतं, तिच्यासाठी आज कुणीतरी पोलीस ठाण्यात जाऊ शकतं, आणि तिथल्या माणसाला 'हे तुमचं घरचं आहे' म्हणून हात झटकता येत नाहीत. कायदा मन बदलत नाही, पण ज्याला बदल हवा असतो त्याच्या हातात काहीतरी देतो. आज शाळेत मनाबद्दल बोलू पाहणाऱ्या शिक्षकाच्या हातात काही नाही.

परिपत्रकं भरपूर आहेत. २०२० मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी केंद्राचा मनोदर्पण उपक्रम आला. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायचं ठरलं, त्यांनी शिकवायच्या अकरा विषयांत भावनिक स्वास्थ्यही आहे. २०२४ मध्ये आपल्या राज्यात आनंददायी शनिवार आला. हेतू सगळ्यांचेच चांगले. पण शासन निर्णयाचं आयुष्य किती, ते मुख्याध्यापकांच्या कपाटाला विचारावं. नवा सचिव, नवा उपक्रम, नवी फाईल. कायदा असा सहजासहजी बदलत नाही.

आणि राज्याला हा अधिकार आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं शिक्षण समवर्ती सूचीत आलं, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, सार्वजनिक आरोग्य तर राज्य सूचीतच आहे. उदाहरण हवं तर आपल्याच राज्याचं आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला की राज्यातल्या प्रत्येक शाळेनं, मंडळ कुठलंही असो, मराठी शिकवलीच पाहिजे, नाहीतर एक लाखापर्यंत दंड. भाषेसाठी जे एकमतानं जमलं, ते पोरांच्या जिवासाठी का जमू नये? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा कलम २९ मध्ये मानसिक आरोग्याचं संवर्धन आणि आजारांचा प्रतिबंध यांचे कार्यक्रम आखण्याची जबाबदारी सरकारवर टाकतोच. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं पात्र समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. आणि न्यायालयानं हेही म्हटलं की योग्य कायदा होईपर्यंत या सूचना लागू राहतील. कायदा कुणी करायचा, ते आपल्या आमदारांना कळायला हरकत नाही.

इथवर बहुतेक सहकारी माझ्याशी सहमत असतात. पुढचं बोलले की कुरबुर सुरू होते. हा तास आम्हा शिक्षकांच्या गळ्यात मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याला आधार आहे बिहारचा. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत एक मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून कार्यक्रम राबवला. काही शाळांत तोच कार्यक्रम राबवायला एक स्थानिक माणूस नेमला, मानसशास्त्राची पदवी नसलेला पण नीट शिकवून तयार केलेला. त्याचं काम तेवढंच. जिथं वेगळा माणूस होता तिथं मुलांतलं नैराश्य कमी झालं, दादागिरी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. जिथं शिक्षकांनी केलं तिथं काहीच फरक पडला नाही.

हे वाचून मला वाईट वाटलं नाही, उलट कुणीतरी आमची बाजू मांडल्यासारखं वाटलं. शिक्षकाला पोषण आहाराची नोंद ठेवायची, आधार जुळवायचं, निवडणूक आली की मतदार यादी घेऊन दारोदार फिरायचं. पण खरं कारण कामाच्या ओझ्यापेक्षा खोल आहे. मी त्या मुलीला मार्क देते. मी तिच्या आईला बोलावून घेऊ शकते, तिला वर्गाबाहेर उभं करू शकते. माझ्या हातात तपासायचा लाल पेन आहे तोवर माझ्याशी मोकळं बोलायला तिला किती धीर गोळा करावा लागत असेल! घरात मारहाण असेल, वर्गातलं कुणी त्रास देत असेल, किंवा त्रास देणारा एखादा शिक्षकच असेल, तर ती माझ्याकडं कशाला येईल?

तो माणूस आणायचा कुठून, हा पुढचा सवाल. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरात पंधरा-वीस पटाच्या शाळा आहेत, तिथं प्रत्येक शाळेला समुपदेशक कोण देणार? माझं म्हणणं, केंद्रशाळेला द्या. केंद्रप्रमुख जसे दहा-बारा शाळा फिरतात तसा तोही फिरेल, अमुक वारी अमुक शाळा, पोरांना वार पाठ होईल. समाजकार्य शिकून घरी बसलेली, स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरून थकलेली मुलं-मुली या जिल्ह्यात गावोगाव आहेत. साताऱ्यात परिवर्तन संस्थेच्या आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून मानसमित्र घडवण्याचं काम झालेलं आहे. साध्या माणसाला नीट ऐकायला शिकवता येतं आणि डॉक्टरकडं कधी पाठवायचं ते ओळखायलाही, हे आपल्याच गावात दिसलेलं आहे. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या फडावर येणारी मराठवाड्यातली पोरं विसरू नका. पट कुठल्या शाळेचा, या वादात ती नेहमीच राहून जातात.

तासात काय करायचं, यावरही थोडं बोललं पाहिजे, कारण मनाचा तास म्हटलं की आपल्याकडं लगेच डोळे मिटून 'ओम' सुरू होतं. मी ध्यानाच्या विरोधात नाही, सकाळी मीही बसते. पण ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना सजगतेचं, म्हणजे ध्यानासारख्या 'माइंडफुलनेस'चं, प्रशिक्षण देऊन पाहिलं, २०२२ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. याउलट युरोपातल्या दहा देशांतल्या १६८ शाळांत मुलांनाच बोलतं करणारा, प्रसंग उभे करून पाहायला लावणारा, मदत कुठं मागायची ते सांगणारा थोड्या तासांचा कार्यक्रम झाला, तिथं वर्षभरानंतर जीव देण्याचे प्रयत्न निम्म्यावर आलेले दिसले. पोरं गप्प बसवून शांत होत नाहीत. त्यांना आपसात बोलू द्यावं लागतं, आणि बोलणं नीट सांभाळणारा माणूस तिथं हवा.

'या विषयावर बोललात तर नको ते डोक्यात भराल,' अशी भीती पालक सभेत एका आईनं बोलून दाखवली. तिची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण विचारल्यानं तसे विचार वाढत नाहीत, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. पोरांच्या डोक्यात मोबाईलमधून काय काय आधीच भरलेलं असतं, त्यावर बोलायला घरात जागा नसते, एवढंच. त्या सभेत मी फळ्यावर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहिला. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. सभा संपल्यावर तीन-चार जणांनी कुणी बघत नाही असं पाहून तो उतरवून घेतला.

मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं नेहमीचं: 'आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं?' सर, होतं. तुमच्याही वर्गात एखादा मुलगा दहावीच्या निकालानंतर पुन्हा दिसला नसेल. त्याच्या घरासमोरून जाताना मोठी माणसं अजून आवाज खाली आणतात. मी हे म्हणाले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि त्यांनी स्वतःहूनच एक नाव घेतलं.

आम्ही काही जणांनी मिळून एक छोटा मसुदा लिहायला घेतलाय, दोन-तीन आमदारांना द्यायचा आहे. पाचवीपासून बारावीपर्यंत आठवड्याला एक तास, सर्व मंडळांच्या शाळांना लागू. लेखी परीक्षा नाही, मार्क नाहीत; तास झाला की नाही याची तपासणी मात्र करायची. प्रत्येक केंद्राला पूर्णवेळ समुपदेशक, त्याचा पगार राज्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली, कंत्राटावर नाही. मुलानं सांगितलेली गोष्ट जिवाला धोका असल्याशिवाय मुख्याध्यापकांपर्यंतसुद्धा जाणार नाही. या शेवटच्या कलमावर सगळ्यात जास्त वाद झाला आणि ते आम्ही तसंच ठेवलंय.

मुख्याध्यापकांनी विचारलं, 'तास आणायचा कुठनं, बाई? आठवड्याला अठ्ठेचाळीसच्या वर तर जागा नाही.' मी म्हटलं, विज्ञानातला एक घ्या. क्रीडाशिक्षक सर त्यांचा तास द्यायला तयार होते, त्यांना नको म्हटलं. परीक्षा जवळ आली की पहिला बळी मैदानाच्या तासाचाच जातो, मनाच्या नावानं पुन्हा तोच कशाला? गणिताच्या सरांनी अजून होकार दिलेला नाही. मसुद्यात आम्ही एक ओळ वाढवली आहे: हा तास खेळ, चित्रकला किंवा कार्यानुभव यांच्या तासांतून घेता येणार नाही.